टाइम लूप आणि प्रेमकथा : तोच दिवस पुन्हा पुन्हा का वाचावासा वाटतो?

उंबरठा
(पुढे बऱ्याच कथानकांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी मूळ कलाकृती बघून किंवा वाचून यावं.)

प्रेमकथेत टाइम लूप, म्हणजे तोच काळ पुन्हा पुन्हा जगावा लागणं, का भावतो असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : चूक सुधारायची संधी मिळते म्हणून. हे उत्तर मला पुरत नाही. चूक सुधारायला एकदा मागे जाणं पुरेसं आहे, त्यासाठी तोच दिवस शेकडो वेळा कशाला जगायचा?

लूपमध्ये घडतं ते वेगळंच. दोघांपैकी एकाला सगळं आठवत असतं आणि दुसऱ्याला काहीच नाही. संध्याकाळपर्यंत जमवलेली ओळख, हसणं, हातात आलेला हात, सगळं रात्रीत पुसलं जातं. सकाळी समोरचा माणूस पुन्हा अनोळखी. ज्याचं फळ उद्यापर्यंत टिकणारच नाही ते आज कशासाठी करायचं, हा प्रश्न साध्या प्रेमकथेत इतक्या स्वच्छ रूपात कधी येत नाही. लूपकथेची सगळी ओढ मला या प्रश्नात दिसते.

१९९३च्या 'ग्राउंडहॉग डे'चंच बघा. पिट्सबर्गचा हवामान-निवेदक फिल २ फेब्रुवारीत अडकतो. रीटाला कुठलं पेय आवडतं, ती ग्लास कशासाठी उंचावते, कॉलेजात काय शिकली, हे तो एका फेऱ्यात विचारून घेतो आणि पुढच्या फेऱ्यात आपलंही तेच म्हणून सांगतो. एका संध्याकाळी बर्फात खेळता खेळता खरोखर काहीतरी जुळून येतं. पुढच्या फेऱ्यात तो तोच खेळ, तीच वाक्यं, तेच हसू पुन्हा आणायला जातो आणि सगळं कोरडं पडतं. मग थपडांची रांग लागते. माझ्या मते चित्रपटाचा कणा इथे आहे. माहिती पूर्ण असूनही प्रेम होत नाही, कारण त्या माहितीच्या बदल्यात त्याला काहीतरी हवं असतं. पुढे तो पियानो शिकतो, झाडावरून पडणाऱ्या मुलाला रोज झेलतो, मरणाऱ्या म्हाताऱ्याला वाचवायचा प्रयत्न करतो आणि त्याला वाचवू शकत नाही. रीटाला मिळवायचा खटाटोप सुटतो तेव्हा ती जवळ येते.

जाणकारांनी लिहावं. लूपची प्रेमकथा उभी कशावर राहते आणि कोसळते कशाने? कथा लिहिणारेही इथे बरेच आहेत, तेव्हा कारागिरीबद्दल सविस्तर आलं तर फारच चांगलं.

घटकापळे
मुद्दा पटला. त्याला थोडं गणित जोडतो, कारण लूपच्या प्रेमकथा बहुतेक वेळा गणितात फसतात.

समजा, नायक-नायिकेची गाठ सकाळी ९ वाजता पडते. ती साडेनऊ ते साडेपाच कामावर असते, रात्री साडेनऊला घरी जाते, आणि १२ वाजता दिवस मागे जातो. म्हणजे एका फेऱ्यात दोघांना एकत्र मिळतात फार तर साडेचार तास. दोनशे फेरे झाले की नायकाच्या खात्यात ९०० तास जमतात. नायिकेच्या खात्यात मात्र साडेचारच. शेवटच्या दिवशीही साडेचारच!

हा हिशेब लेखकाने कागदावर मांडलेला असला पाहिजे. एका रकान्यात 'त्याला काय माहीत', दुसऱ्यात 'तिला आज या घटकेपर्यंत काय माहीत'. शेवटच्या दिवसाचं प्रत्येक वाक्य दुसऱ्या रकान्याशी ताडून बघायचं. साडेचार तासांच्या ओळखीवर एखादी बाई काय म्हणेल? "उद्या चहाला येशील का?" इथपर्यंत ती नक्की येऊ शकते. "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही" असं ती म्हणाली, तर लेखकाने पहिल्या रकान्यातले ९०० तास तिच्या खात्यात चोरून घातले. वाचकाला चूक नेमकी सांगता येत नाही, पण शेवट घाईचा वाटतो. 'शेवट गडबडीत उरकला' अशा तक्रारीमागे पुष्कळदा पानांची कमतरता नसते, हा घोटाळा असतो.

'ग्राउंडहॉग डे'त हे थोडं सांभाळलंय. शेवटच्या संध्याकाळी रीटा गावातल्या लिलावात जवळचे सगळे पैसे, ३३९ डॉलर ८८ सेंट, लावून त्याला 'जिंकते'. एका दिवसात तिने काय पाहिलंय? गावातले लोक एकेक करून येऊन त्याचे आभार मानताना पाहिलेत. म्हणजे तिच्या रकान्यात त्या दिवसापुरता भरपूर पुरावा आहे. तरी सकाळी तो लगेच 'इथेच राहू या' म्हणतो तेव्हा माझा हिशेब किंचित डगमगतो.

रानजाई
घटकापळे, तुमच्या दोन रकान्यांना मी तिसरा जोडते : 'तिने स्वतः काय सांगायचं ठरवलं होतं'.

नुसती माहिती कमी-जास्त असण्यापेक्षा ती कशी मिळाली हे मोठं. कालच्या फेऱ्यात तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आजच्या फेऱ्यात तिच्यावरच वापरली, तर तो विश्वासघात आहे, आणि तिला तो कळूसुद्धा शकत नाही. म्हणून या प्रकारात संमतीचा प्रश्न बाजूला टाकताच येत नाही. कथेने तो उचलला नाही तर वाचक उचलतात.

२०२०चा 'पाम स्प्रिंग्ज' मला यासाठी फार मोलाचा वाटतो. ९ नोव्हेंबरच्या एका लग्नात नाइल्स आधीपासून अडकलेला आहे. त्याचा पहिला दिवस आपल्याला दाखवतच नाहीत. सेरा त्याच्यामागून गुहेत शिरते आणि तीही अडकते. आता दोघांनाही सगळं आठवतं, म्हणजे बरोबरी झाली, असं वाटतं. मग बाहेर येतं की ती अडकण्यापूर्वीच्या फेऱ्यांत दोघं अनेकदा एकत्र आलेले होते आणि तिने विचारल्यावर त्याने नाही म्हणून सांगितलं होतं. तिचा संताप बघा. तिच्या आयुष्यातले क्षण त्याच्याकडे जमा आहेत आणि तिच्याकडे नाहीत. स्मरणातली असमानता हाच गुन्हा होऊ शकतो, हे चित्रपटाने सरळ कथानकात आणलं. सेरालाही एक गोष्ट लपवायची आहे, रोज सकाळी ती कुठल्या खोलीत जागी होते ही. त्यामुळे पारडं एकाच बाजूला झुकत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी एक कसोटी. जिला आठवत नाही तिला कथेत एकदा तरी खरं सांगितलं जातं का? आणि ऐकल्यावर नाही म्हणायची मोकळीक तिला मिळते का? दोन्ही उत्तरं नकारार्थी असतील तर ती पाठलागाची कथा झाली, मग वर कितीही गुलाब ठेवा.

कोयरी
रानजाई, +१. याची उलटी बाजू '५० फर्स्ट डेट्स'मध्ये (२००४) आहे. तिथे काळ सरळ चालतो, अडकलेली असते ती लूसीची स्मृती. तिचे वडील आणि भाऊ १३ ऑक्टोबरचा रविवार रोज नव्याने मांडतात. तेच वर्तमानपत्र, वडिलांचा तोच वाढदिवस, तिने रंगवलेली भिंत रात्री पुन्हा पांढरी. माणसांनी प्रेमापोटी हाताने चालवलेला लूप. तिच्या प्रेमात पडलेला हेन्री तो मोडतो आणि तिला सकाळी बघायला एक व्हिडिओ टेप करून देतो : काय झालं, किती दिवस गेले, मी कोण. टेप बघून रोज ठरवायचं ते तिनेच. तुमच्या कसोटीवर चित्रपटाचा हा भाग पूर्ण उतरतो.

शाईदौत
थोडी वंशावळ. लोक १९९३पासून मोजतात, पण कल्पना बरीच जुनी आहे. १८९२मध्ये विल्यम डीन हॉवेल्सने मुलांसाठी एक गोष्ट लिहिली. एका मुलीला रोज नाताळ हवा असतो आणि तो वर्षभर मिळतो, सगळ्यांना नकोसा होईपर्यंत. प्रेमकथेच्या अंगाने मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रशियन तत्त्वचिंतक उस्पेन्स्कीची १९१५ची इव्हान ओसोकिनवरची कादंबरी. प्रेयसी झिनाइदा दुरावते, तो मांत्रिकाकडे जाऊन आयुष्य पुन्हा मागतो आणि बारा वर्षं मागे जातो. पुढचं सगळं ठाऊक असूनही तो त्याच चुका त्याच क्रमाने करतो. म्हणजे 'संधी मिळाली की माणूस सुधारतो' हे गृहीतक या प्रकाराच्या जन्मावेळीच नाकारलं गेलं होतं. उंबरठा यांच्या मुद्द्याला हा जुना आधार.

केन ग्रिमवुडच्या 'रीप्ले' कादंबरीत (१९८६) लूप एका दिवसाचा नाही, पंचवीस वर्षांचा आहे. जेफ १९८८मध्ये मरतो आणि १९६३मध्ये अठराव्या वर्षी जागा होतो. पुढे त्याला पामेला भेटते, तीही अशीच फिरणारी. कारागिरीची खरी कमाल पुढे आहे. दर फेऱ्यात जागं होण्याचा क्षण पुढे पुढे सरकतो, आणि दोघांचा सारखा सरकत नाही. फेरा आखूड होत जातो आणि एकमेकांसाठी वाट बघणं लांबतं. अनंत वेळ असूनही वेळ पुरत नाही. लूपच्या प्रेमकथेतला सर्वांत मोठा धोका म्हणजे अनंतामुळे येणारं सैलपण. त्यावरचा हा उपाय मी दुसरीकडे इतका नेमका पाहिलेला नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर वेताळ पंचविशी. ती प्रेमकथा नाही, पण सांगाडा बघा. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा उत्तर देतो, मौन मोडतं, प्रेत पुन्हा झाडावर. प्रत्येक फेरा राजाच्या शहाणपणामुळेच सुरू होतो. बाप-लेक आणि माय-लेकीच्या लग्नाच्या शेवटच्या कोड्याला त्याच्याकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो आणि फेरा थांबतो. उत्तर माहीत नसणं हीच सुटका. ज्या लूपनायकाला सगळ्यांची सगळी उत्तरं पाठ झालीत, त्याच्या प्रेमकथेची सुटका याहून नेमकी कुठली असेल?

घटकापळे
शाईदौत, वेताळाचा मुद्दा सुंदर. हे थेट वापरता येण्याजोगं आहे : शेवटच्या दिवशी तिने असं काहीतरी विचारावं जे आधीच्या कुठल्याच फेऱ्यात विचारलेलं नव्हतं, आणि त्याच्याजवळ तयार उत्तर नसावं.

उंबरठा
मला सध्या सर्वांत अस्वस्थ करणारं पुस्तक म्हणजे सोल्वाय बाले या डॅनिश लेखिकेच्या सात खंडांच्या मालिकेचा पहिला खंड. इंग्रजी अनुवाद २०२५च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या लघुयादीत होता. (त्या वर्षी पुरस्कार कन्नडच्या बानू मुश्ताक यांच्या कथासंग्रहाला मिळाला.) तारा सेल्टर जुन्या पुस्तकांचा व्यापार करते. पॅरिसला गेलेली असताना ती १८ नोव्हेंबरमध्ये अडकते. ती घरी नवऱ्याकडे येते. थोमास रोज सकाळी तिचं ऐकतो, विश्वास ठेवतो, दिवसभर तिच्यासोबत शोध घेतो आणि पहाटे सगळं विसरतो.

इथे लुच्चेगिरी नाही, भांडण नाही. तो भला आहे, प्रेमळ आहे. तरी एका टप्प्यावर तारा त्याला सांगणं थांबवते. पुस्तक सुरू होतं तेव्हा मोजदादीचा १२१वा दिवस आहे आणि ती त्याच घरातल्या मागच्या खोलीत लपून राहते. त्याच्या पावलांचे, पाण्याचे, जिन्याचे आवाज ऐकते. नवरा भिंतीपलीकडे, आणि ती त्याच्या दिवसाला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून बसलेली. विरहाचं असं रूप मी आधी वाचलं नव्हतं.

लेखिकेने नियमही फार विचारपूर्वक बसवलेत. ताराच्या हातावरचा भाजल्याचा व्रण दिवसागणिक भरत जातो, म्हणजे तिचं शरीर पुढे चाललंय. तिने खाल्लेल्या वस्तू दुकानाच्या फळीवर परत येत नाहीत, म्हणजे ती जगाला हळूहळू खाऊन संपवतेय. थोमासचं वय थांबलेलं आणि तिचं वाढणारं. हे एवढं ठरवल्यावर दुःख निर्माण करायला वेगळी घटना लागतच नाही.

दुपारची_लोकल
आता पुनरावृत्तीबद्दल. लूप लिहिणाऱ्याची पहिली भीती म्हणजे वाचक कंटाळेल. ही भीती रास्त आहे.

हरुही सुझुमियाच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेत २००९ साली ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांचा लूप सलग आठ भागांत दाखवला होता. संवाद जवळपास तेच, पण प्रत्येक भाग नव्याने काढलेला, नव्याने बोललेला. कथेत एकूण फेरे १५,५३२. कंटाळा प्रेक्षकाच्या अंगावर आणण्याचा तो जाणूनबुजून केलेला प्रयोग होता आणि तो चाहत्यांना किती जड गेला हे सर्वश्रुत आहे. दुसरं टोक 'रन लोला रन' (१९९८) : वीस मिनिटं, एक लाख मार्क, तीन फेरे, खेळ खलास. त्याच्या 'लूप लपेटा' (२०२२) या हिंदी अवतारात पन्नास मिनिटं आणि पन्नास लाख. कथा गोव्यात घडते आणि जोडीची नावं सावी आणि सत्या. सावित्री-सत्यवानाचा धागा मुद्दाम विणलेला. नवऱ्याला मरणातून परत आणण्यासाठी पुन्हा पुन्हा धावणारी बायको आपल्याला वडाच्या झाडापासून ओळखीची आहे, त्यामुळे तो बदल मला नुसता नावापुरता वाटत नाही.

माझी पद्धत 'खुंट्यां'ची आहे. पहिल्या दिवसात पाच ते सात ठळक खुंट्या ठोकायच्या. पाचापेक्षा कमी असतील तर दिवस ओळखू येत नाही, सातापेक्षा जास्त असतील तर वाचकाच्या लक्षात राहत नाहीत. त्यातल्या तीन तरी या जोडीशी संबंध नसलेल्या हव्यात. निरनिराळ्या इंद्रियांच्या असाव्यात. ६:१०ला कुकरची तिसरी शिटी, ७:४०ला समोरच्या गॅलरीतून पडणारी ओली चादर, ८:१४च्या लोकलची फलाट बदलल्याची घोषणा, दुपारी ऑफिसात कोणाच्या तरी डब्यातला सुक्या बोंबलाचा वास, ५:५०ला वीज जाणं, रात्री खालच्या मजल्यावरचं बाळ रडणं.

प्रत्येक खुंटी तीनदा वापरायची. पहिल्यांदा जशीच्या तशी. दुसऱ्यांदा नायकाने तिचा फायदा घेतलेला : चादर पडण्याआधी तो हात पुढे करतो. तिसऱ्यांदा ती नसते, किंवा तो तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघतो : रोज चादर का पडते? वाळत घालणाऱ्या आजींचा उजवा हात वर जात नाही. ही तिसरी वेळ हीच कथेची कमाई. जी खुंटी तिसऱ्यांदा वापरायला जागा नाही ती पहिल्या दिवसातूनही उपटून टाकावी.

नेहमीच्या चुका दोन. पहिली : पहिला दिवस मुद्दाम वाईट रंगवणं. पाय मुरगळला, चहा सांडला, बॉस ओरडला. मग पुढचे दिवस नुसती दुरुस्तीची यादी होतात. पहिला दिवस साधा, बरा, विसरण्याजोगा असावा. दुसरी : फेरे मोजत बसणं. 'चौथा दिवस', 'पाचवा दिवस' असे मथळे दिले की वाचक पुढचे मोजायला लागतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर एकदम उडी घ्यावी आणि किती काळ गेला ते कौशल्यातून कळू द्यावं. पियानो ऐकू आला की वर्षं गेली हे समजतं. फिल किती वर्षं अडकला याचं उत्तर चित्रपटात नाहीच. दिग्दर्शक हॅरॉल्ड रेमिस यांनी आधी दहा वर्षं सांगितली, नंतर तीस-चाळीस. प्रेक्षकांचं त्यावाचून काही अडलं नाही.

कोयरी
मराठीत लूपची प्रेमकथा लिहिणाऱ्याला काही गोष्टी भाषेतच आयत्या मिळतात. त्या वापरल्या जात नाहीत याचं वाईट वाटतं.

पहिली, 'तुम्ही' आणि 'तू'. घटकापळे यांचे दोन रकाने मराठीत एका सर्वनामात मावतात. तो तिच्याशी मनातल्या मनात केव्हाच 'तू'वर आलेला असतो. ती रोज सकाळी 'तुम्ही कोण?' पासून सुरू करते. चाळीसाव्या फेऱ्यात त्याच्या तोंडून नकळत 'अगं, ऐक ना' निघतं आणि ती दचकून मागे सरकते. एवढ्या एका 'अगं'मध्ये ९०० तास आणि साडेचार तास समोरासमोर येतात. इंग्रजीत यासाठी अख्खा प्रसंग रचावा लागेल. आणि शेवटच्या दिवशी 'तू'वर यायचं ते तिने, आपणहून. त्याने 'तुम्ही'च म्हणत राहावं. रानजाईच्या संमतीच्या मुद्द्याला याहून हलक्या हाताने उत्तर देता येणार नाही.

दुसरी, काळ. आपला रीतिभूतकाळ लूपसाठीच घडवल्यासारखा आहे. 'ती साडेपाचला बाहेर यायची, छत्री उघडायची, आभाळाकडे बघून परत मिटायची.' तीन क्रियापदांत शंभर फेरे आटोपतात. मग 'त्या दिवशी तिने छत्री मिटली नाही' असा साधा भूतकाळ आला की वाचक ताठ बसतो. लेखक मात्र प्रत्येक फेरा 'आली, उघडली, मिटली' असा लिहीत बसतात आणि पानं भरतात.

तिसरी, 'परवा'. हिंदीत 'कल' दोन्हीकडे चालतो. मराठीत 'काल' आणि 'उद्या' वेगळे, पण 'परवा' दोन्हीकडचा. "आपण परवा भेटलोय" आणि "आपण परवा भेटू" यांत फरक फक्त क्रियापदाचा. ज्याच्यासाठी गेलेला परवा आणि येणारा परवा एकच आहे, त्याच्या तोंडी हा शब्द किती जड होईल!

शाईदौत
कोयरी, यात एक सावधगिरी. रीतिभूतकाळ सलग दीड-दोन परिच्छेदांपेक्षा जास्त चालवू नये. 'यायची-जायची'चा ठेका गाण्यासारखा होतो आणि झोप आणतो. अध्येमध्ये एखादा संवाद थेट टाकावा.

रानजाई
नियम आणि कारण यांबद्दल कोणी बोललं नाही अजून.

दिवस कशाने मागे जातो, हे पहिल्या तीन फेऱ्यांत ठरलं पाहिजे, आणि तीन पर्यायांचा प्रेमकथेवर होणारा परिणाम वेगवेगळा असतो. घड्याळावर ठरवलं (मध्यरात्र, पहाटे सहा), तर निरोपाची वेळ ठरलेली राहते आणि प्रत्येक संध्याकाळला उतरती कळा येते. विरहप्रधान कथेला हे उत्तम. झोपेवर ठरवलं, तर 'झोपू नकोस' ही विनवणी मिळते, रात्र जागून काढण्याचा सगळा शृंगार मिळतो, पण एक माणूस किती तास जागू शकतो याचं भान ठेवावं लागतं. दुसऱ्या रात्रीनंतर बोलणं असंबद्ध होऊ लागतं, ते तसंच लिहायला हवं. मरणावर ठरवलं, तर कथा प्रेमापेक्षा थराराकडे सरकते. ते आवरायचं तर 'रशियन डॉल' मालिकेच्या पहिल्या पर्वासारखं (२०१९) काही लागतं. तिथे फेऱ्यागणिक फळं सडत जातात, माणसं नाहीशी होत जातात, म्हणजे मरण फुकट राहत नाही. शेवटी लूपमध्ये अडकलेले नादिया आणि अ‍ॅलन अशा दोन जगांत पडतात, जिथे एकाला आठवतं आणि दुसऱ्याला नाही. दोघांनाही त्या न आठवणाऱ्याला वाचवायचंय. धाग्याच्या सुरुवातीला मांडलेला प्रश्नच तो.

कारण सांगायचं की नाही? 'ग्राउंडहॉग डे'च्या पटकथेच्या एका खर्ड्यात दुखावलेल्या जुन्या प्रेयसीचा शाप होता. तो काढून टाकला ते फार बरं झालं. शाप ठेवला असता तर फिल सुधारतो की नाही याऐवजी शाप कसा उतरतो हे बघत बसलो असतो. 'भूल चूक माफ'मध्ये (२०२५) बनारसच्या रंजनची हळद रोज उगवते आणि लग्नाचा दिवस येत नाही, कारण नोकरीसाठी बोललेला नवस फेडायचा राहिलाय. कारण आपल्या मातीतलं आहे, चटकन पटतं. पण त्यामुळे सुटकेची किल्ली नवसाकडे जाते आणि नवरी तितलीकडे काही उरत नाही. माझं मत : कारण द्यायचंच तर ते दोघांच्या नात्यातलं द्यावं, नाहीतर अजिबात देऊ नये.

आणि लूप कोणाचा, हेही तपासावं. 'द मॅप ऑफ टायनी परफेक्ट थिंग्ज' (२०२१) बघताना बराच वेळ आपण मार्कला केंद्र समजतो. मार्गारेट रोज संध्याकाळी निघून जाते ती इस्पितळात, मरणाच्या दारातल्या आईकडे. दिवस थांबलाय तो तिच्यासाठी. आपण जिच्या प्रेमात आहोत तिच्या गोष्टीतलं आपण एक दुय्यम पात्र आहोत, हे मार्कला कळतं त्या क्षणी तो प्रेमाला लायक होतो.

चिंचोका
सगळा धागा एका बैठकीत वाचला. एक प्रश्न : दिवाळी अंकासाठी साधारण पाच हजार शब्दांत लूपची प्रेमकथा बसवायची असेल तर शब्द कसे वाटावेत? आणि फोनचं काय करायचं? आजच्या कथेत दोघांकडे फोन असणारच.

दुपारची_लोकल
चिंचोका, ढोबळ वाटणी अशी. पहिला दिवस ११०० ते १२००. त्यात खुंट्या पाचच, सात नकोत. दुसरा दिवस ५००, गोंधळाचा. तिसरा २००. मग उडी : ६०० ते ७०० शब्दांत, मुख्यतः रीतिभूतात, मधला सगळा काळ, ज्यात तो स्वार्थी वागतो आणि हरतो. त्यानंतर ८०० शब्दांचा एकच फेरा, ज्यात तो तिला खरं सांगतो आणि ती नाही म्हणते. हा कापू नका, कथेचा भार याच्यावर आहे. मग ३००-३५० शब्द त्याने तिला न भेटता घालवलेल्या दिवसांचे. उरलेले साडेबाराशे ते दीड हजार शेवटच्या दिवसाला. सर्वसाधारण चूक म्हणजे पहिले तीन दिवस तीन हजारांवर जातात आणि शेवटाला चारशे उरतात.

घटकापळे
फोनबद्दल मी सांगतो. दिवस मागे गेला की पाठवलेले मेसेज, काढलेले फोटो, टिपून ठेवलेलं सगळं जातं. उरतं ते फक्त पाठ केलेलं. म्हणजे तिचा नंबरही त्याला तोंडपाठ करावा लागेल, पाढ्यासारखा. याचा उपयोग करून घ्या. आज कोणी कोणाचा नंबर पाठ करत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी ती नंबर सांगायला लागल्यावर तो लिहून घेत नाही, हे तिच्या लगेच डोळ्यात भरेल. तिथे त्याला खोटं बोलता येतं किंवा खरं. मात्र तिचा फोन सकाळी ९च्या आधी वाजायला नको, नाहीतर तिच्या दिवसाची सगळी साखळी बदलेल आणि खुंट्या जागेवर राहणार नाहीत. तिचा फोन चार्जिंगला लावायचा राहिलाय, किंवा ती सकाळी पोहायला जाते, असं काहीतरी पहिल्याच दिवशी पेरून ठेवा.

चिंचोका
मनापासून आभार. मग शेवट कुठे थांबवायचा? दुसरा दिवस उजाडलेला दाखवायचा का?

कोयरी
उजाडलेला दाखवा, पण त्याच्या बाजूने नको. कुकरची तिसरी शिटी ६:१०ला होते, आणि आज ६:१२ होऊन गेले तरी झालेली नाही, इथपर्यंत त्याचं. मग ८:१४च्या फलाटावर ती उभी. तिला कालचा दिवस आठवतोय, फक्त कालचा, साडेचार तासांचा. ती म्हणेल, "काल तू म्हणालास की पाऊस येईल. आला नाही." त्याला आजचा पाऊस माहीत नाही. तो आभाळाकडे बघेल.